दुसऱ्या कार्डाची खाच
मीरा रोड-भाईंदरहून लोकलने ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर पीसी जुळवून घेणाऱ्या गेमरने दुसऱ्या ग्राफिक्स कार्डाच्या खाचेसाठी जादा पैसे मोजू नयेत. ‘पुढेमागे तसलेच जुने कार्ड स्वस्तात घेऊन जोडू’ हा हिशेब एकेकाळी ठीक होता; पण एनव्हिडियाने २००४ साली आणलेल्या, दोन कार्डे एकत्र चालवणाऱ्या एसएलआयची जोडणी २०२२च्या आरटीएक्स ४०९०वर उरलीच नाही. ती होती तेव्हाही दोन कार्डांची मेमरी गेमसाठी बेरजेत येत नसे, आणि आळीपाळीने फ्रेम काढताना चित्र अडखळे ते वेगळेच. रेंडरिंगला दोन कार्डे उपयोगी पडतात, कबूल. गेमरला त्याचे काय? त्यापेक्षा दुकानदाराला प्रोसेसरच्या सॉकेटचे आयुष्य विचारा: एएमडीच्या २०१७मधल्या अनेक एएम४ सॉकेटच्या बोर्डांवर बायोस अद्ययावत केल्यावर २०२२चा ५८००एक्स३डी प्रोसेसर चालतो.