मखर गेले, विटाळ राहिला

मे २०२३ मध्ये उल्हासनगर येथे बारा वर्षांची एक मुलगी थोरल्या भावाच्या मारहाणीने मरण पावली. तिच्या कपड्यांवर रक्ताचे डाग दिसले, भावाने त्यांचा भलताच अर्थ लावला, आणि हे आपले पहिले न्हाण आहे एवढी साधी गोष्ट त्या अजाण मुलीला सांगता आली नाही, असे पोलिसांच्या हवाल्याने वृत्तपत्रांत आले. भावाच्या क्रौर्याचा न्याय न्यायालय करील. परंतु मुलीला सांगता येऊ नये आणि तिशीच्या पुरुषाला कळू नये, हे अज्ञान कोणाचे? ते एका घराचे म्हणून सोडून देता येईल, असे आम्हांस वाटत नाही.

मुलगी ऋतुमती होते त्या दिवशी समाज तिला काय सांगतो, यावरून त्या समाजाची पारख करावी. अमेरिकेच्या नैर्ऋत्येस राहणाऱ्या नवाहो लोकांत या प्रसंगी ‘किनाल्दा’ नावाचा चार दिवसांचा विधी होतो. मुलगी पहाटे पूर्वेकडे धावत जाते आणि दर खेपेस अंतर वाढविते. ती मका दळते, जमिनीतील खड्ड्यात मक्याची भली मोठी पोळी रात्रभर भाजली जाते, आणि वडीलधारी मंडळी रात्र जागवून गाणी म्हणतात. सकाळी ती पोळी मुलगी सर्वांना वाटते. स्वतः मात्र खात नाही. तू आता धावू शकतेस, कष्टू शकतेस आणि देऊ शकतेस, हा त्या विधीचा उपदेश. १८८३ पासून अमेरिकी सरकारने मूळ रहिवाशांच्या धर्मविधींवर बंदी घातली होती. त्यांच्या धर्मस्वातंत्र्याला कायद्याचे स्पष्ट संरक्षण मिळण्यास १९७८ साल उजाडावे लागले. तरीही किनाल्दा टिकून राहिला. जपानात जुन्या वळणाच्या घरांतून त्या दिवशी तांबड्या कडधान्याचा भात रांधतात आणि घरात मंगल घडले, हे न बोलता कळते.

फार दूर जाण्याचेही कारण नाही. तमिळनाडूत मामा हिरव्या झावळ्यांची खोप उभारतो, मुलीला हळदीच्या पाण्याने न्हाऊ घालतात, नवी साडी नेसवितात आणि आप्तेष्टांना जेवू घालतात. आसामात ‘तुलनी बिया’च्या वेळी तिचा केळीच्या रोपाशी लाक्षणिक विवाह लावतात. ओडिशात तर मृग नक्षत्राच्या सुमारास ‘रज’ नावाचा तीन दिवसांचा सण साजरा होतो. धरणीमाता त्या दिवसांत रजस्वला असते, अशी श्रद्धा. म्हणून नांगर थांबतो आणि मुली झोपाळ्यावर झुलतात. आपल्याकडे ज्याला विटाळ म्हणतात त्याला तिकडे सुफलतेचे लक्षण मानतात.

मात्र या उत्सवांच्या रंगांनी भुलून जाणे आम्हांस मान्य नाही. तमिळ सोहळ्यापूर्वी मुलीला काही दिवस वेगळे बसवितातच. आणि हा सोहळा म्हणजे घरात उपवर कन्या आहे, अशी जातीगोतात दिलेली दवंडीही असते. वेगळे बसविण्याची हीच रीत टोकाला गेली की काय होते, ते पश्चिम नेपाळात दिसते. तेथील ‘छाउपडी’च्या झोपड्यांत धुराने घुसमटून आणि सर्पदंशाने स्त्रिया मेल्या आहेत. तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ही रूढी अवैध ठरविली, २०१७ च्या कायद्याने तीन महिने कैद किंवा तीन हजार रुपये दंड ठरला, तरी झोपड्या पुरत्या नाहीशा झालेल्या नाहीत. आणि नेपाळकडे बोट दाखविताना गडचिरोलीच्या माडिया गावांतील ‘कुर्माघर’ आम्ही विसरू नये.

आता आपल्या घरात डोकावू. आमच्या पणज्यांच्या काळी ‘न्हाणुली’ला मखरात बसवीत. सुवासिनी गोडधोड घेऊन येत, वाजंत्री वाजे, फुलांची वाडी भरली जाई. परंतु त्या मखरात बसलेली मुलगी बहुधा विवाहिता असे, आणि मखरापुढचा विधी गर्भाधानाचा असे. कोडकौतुक होई ते मुलीचे नव्हे. ती पतीच्या स्वाधीन करण्यास योग्य झाली, याचे. कलकत्त्यात फुलमणी दासी ही दहा-अकरा वर्षांची विवाहित बालिका पतीच्या संगाने मरण पावली, तेव्हा कोठे या मखरामागचा अंधार चव्हाट्यावर आला. १८९१ मध्ये संमतिवय दहावरून बारावर नेणारा कायदा झाला. प्रथम ऋतूच्या वेळीच गर्भाधान झाले पाहिजे, ही शास्त्राज्ञा आहे, असा गिल्ला विरोधकांनी केला. परक्या सरकारने आमच्या धर्मात हात घालू नये, हा लोकमान्यांचा आक्षेप होता. आगरकर आणि डॉ. भांडारकर कायद्याच्या बाजूने उभे राहिले. लोकमान्यांविषयी आमच्या मनात असलेला आदर तसूभरही कमी न करता आम्ही म्हणतो की, या वादात न्याय आगरकरांच्या बाजूस होता. मुलीच्या प्राणापेक्षा स्वराज्याची वाट मोलाची ठरविता येत नाही.

पुढे बालविवाह ओसरले आणि त्यांच्याबरोबर मखरही गेले. बरे झाले! पण मखर मोडताना विटाळ मोडावयाचा राहून गेला, हे कोणाच्या ध्यानी आले नाही. वाजंत्री थांबली, देवघराचा उंबरठा मात्र बंदच राहिला. ‘कावळा शिवला’ म्हणून मुलांना फसवावे, ‘बाहेरची’ म्हणून मुलीला लोणच्याच्या बरणीपासून दूर ठेवावे, आणि औषधाच्या दुकानात कागदात गुंडाळलेली वस्तू खाली मान घालून घ्यावी, ही आमची आधुनिकता! जुन्या विधीत निदान चार बायका मुलीभोवती जमत आणि तिला काही सांगत. आज तिच्याजवळ विधीही नाही आणि माहितीही नाही. आहे ते केवळ मौन. सोयराबाईने सहाशेहून अधिक वर्षांपूर्वी विचारले की, विटाळ देहातच जन्मत असेल तर निर्मळ देह कोणता? तिचे अभंग आम्ही गातो, प्रश्नाचे उत्तर मात्र देत नाही.

काही जण म्हणतील, ही खाजगी बाब आहे. वृत्तपत्राने तिची चर्चा करू नये. ज्या खाजगीपणाने एका बालिकेचा जीव घेतला तो आम्हांस पवित्र वाटत नाही. जुलै २०१८ मध्ये सॅनिटरी नॅपकिनवरील बारा टक्के कर रद्द झाला, तोही लोकांनी उघड बोलल्यामुळेच. मखर परत आणा, असे आमचे म्हणणे नाही. मागणे थोडे आहे. मुलीला हे ज्ञान न्हाण येण्यापूर्वी, नवव्या-दहाव्या वर्षीच मिळावे. आईने ते सांगावे आणि शाळेनेही. शाळेच्या स्वच्छतागृहाला पाणी आणि कडी असावी. आणि हा धडा देताना मुलग्यांना वर्गाबाहेर काढू नये. कारण उल्हासनगरची ती मुलगी जितकी अजाण होती तितकाच तिचा भाऊ अडाणी होता, आणि त्याचे अडाणीपण अधिक घातक ठरले.

ज्या दिवशी एखादी मुलगी घाबरी न होता घरात येऊन सांगेल, आणि बाप किंवा भाऊ तिच्यापुढे गरम पाण्याचा तांब्या आणि जेवणाचे ताट ठेवील, त्या दिवशी त्या घराला कोणत्याही सोहळ्याची गरज उरणार नाही.