दोनशें वर्षांचें वर्तमानपत्र

मुंबईंत हॉर्निमन सर्कलपाशीं लाल रंगाची एक जुनी इमारत आहे. ‘मुंबई समाचार’ ह्या गुजराती दैनिकाचें तें घर. हें पत्र ता. १ जुलै १८२२ रोजीं निघालें व आजतागायत चालू आहे. आशिया खंडांत अखंड चालत आलेलें सर्वांत जुनें वर्तमानपत्र म्हणून त्याचा लौकिक आहे. पेशवाई बुडाल्यास तेव्हां अवघीं चार वर्षें झालीं होतीं, आणि बाळशास्त्री जांभेकरांचें ‘दर्पण’ निघण्यास अजून साडेनऊ वर्षें अवकाश होता. गुजराती कुटुंबें आपल्या शेजारीं पिढ्यान्‌पिढ्या राहत आलीं, तरी ह्या पत्राच्या संस्थापकाचें नांव आमच्या वाचकांपैकीं थोड्यांच्याच कानांवर आलें असेल.

फर्दुनजी मर्झबान हे मूळचे सुरतेचे पारशी गृहस्थ. मुंबईस आल्यावर पंडित मुल्ला फिरोज ह्यांचा सहवास त्यांना लाभला, आणि पोटासाठीं त्यांनीं पुस्तकबांधणीचा धंदा धरला. दुसऱ्यांचीं पुस्तकें बांधतां बांधतां आपणच कां छापूं नयेत, असें त्यांना वाटलें असल्यास नवल नाहीं. १७९७ सालीं एका इंग्रजी पत्रांत गुजराती अक्षरांत जाहिरात छापली गेली होती खरी. परंतु देशी भाषेच्या छपाईसाठीं देशी माणसानें मुंबईंत स्वतंत्र छापखाना घालण्याचा मान फर्दुनजींचा. तें साल १८१२. ह्या छापखान्यांतून १८१४ सालीं त्यांनीं काढलें काय, तर संवत् १८७१ चें गुजराती पंचांग! घरांत दुसरा एकहि ग्रंथ नसला तरी पंचांग असतेंच, आणि तें दरसाल नवें घ्यावें लागतें, हें त्या व्यवहारी पुरुषानें बरोबर हेरलें होतें.

‘समाचार’ प्रथम साप्ताहिक होतें. पहिल्या अंकाचीं पानें लहान आकाराचीं, सारीं मिळून चौदा. गलबतांचें येणेंजाणें, मालाची व मालमत्तेची विक्री, सरकारी नेमणुका, मरणाच्या वार्ता, असा त्या काळच्या पत्राचा ऐवज असे. मतें थोडीं, खबरा फार. लोकशिक्षण हें वर्तमानपत्राचें आद्य कर्तव्य, असें आम्हां मराठी मंडळींच्या मनावर लहानपणापासून बिंबलेलें. बाजारभावाचें सदर म्हणजे आमच्या लेखीं खालच्या पंक्तीचें. पण विद्वत्तेनें ओथंबलेलें ‘दर्पण’ १८४० सालीं बंद पडलें आणि गलबतांच्या खबरा देणारें पत्र जगलें, ही गोष्ट आमच्या अभिमानास जराशी बोंचणारी आहे, हें कबूल केलेलें बरें.

पत्र जगलें, परंतु फर्दुनजींच्या हातांत तें राहिलें नाहीं. पारशी वर्ष बरोबर ३६५ दिवसांचें. वरचा पाव दिवस सुटतो. तो भरून काढण्यासाठीं एकशेंवीस वर्षांनीं एक मास अधिक धरावा, ह्यास ‘कबीसा’ म्हणतात. आपल्या अधिक मासाचाच हा दूरचा भाऊ. हिंदुस्थानांतील पारशांनीं असा मास एकदां धरला व इराणांतील त्यांच्या धर्मबांधवांनीं तो धरला नाहीं, असें सांगतात. दोघांच्या गणनेंत मात्र महिन्याचें अंतर पडलें, आणि त्यांतून शहेनशाही व कदमी असे दोन पंथ झाले. १८२० नंतरच्या दशकांत हा वाद मुंबईंत पराकोटीस गेला. मुल्ला फिरोज हे कदमींचे पुढारी, आणि पत्र त्यांच्या शिष्याच्या हातीं. तेव्हां पत्रास अलिप्त राहतां आलें नाहीं. ज्या समाजाच्या वर्गणीवर तें चालावयाचें त्याच समाजांत फूट! आमचे वाचक ह्यास हंसणार नाहींत. अधिक मासाच्या कांहीं वर्षीं टिळक पंचांग पाळणाऱ्या घरचा गणपति शेजारच्या गणपतीच्या महिनाभर आधीं येऊन जातो, आणि त्यावरून व्याह्याव्याह्यांत झालेली बोलाचाली आम्हीं स्वतः ऐकली आहे.

ह्या वादाच्या व कर्जाच्या कात्रींत सांपडून फर्दुनजींनीं १८३२ सालीं पत्र सोडलें आणि ते पोर्तुगीजांच्या अमलाखालील दमणास जाऊन राहिले. तेथेंच १८४७ सालीं ते वारले. पंचांग छापून ज्यानें संसार उभारला, त्याचा संसार तिथिनिर्णयाच्या भांडणानें मोडावा, हा योग विलक्षण खरा.

पुढची हकीकत थोडक्यांत सांगतां येते. पत्र आठवड्यांतून दोनदां निघूं लागलें, १८५५ पासून रोज. पुण्याचें ‘ज्ञानप्रकाश’ दैनिक होण्यास १९०४ साल उजाडलें. मालक बदलत गेले. १९३३ सालीं तें कामा घराण्याकडे आलें. द्विशताब्दीनिमित्त जून १९२२ नव्हे, २०२२ मध्यें टपालाचें तिकीटहि निघालें. शतकाची ही चूक लेखणीकडून सहज होते, इतकें त्याचें वय लांबलें आहे.

आमच्या शेजारच्या बांकडे हें पत्र येतें. चष्मा चढवून त्या पहिलें पान उलटतात ते थेट मरणाच्या सदरावर जातात. पारशी, हिंदु, जैन, अशीं तीं निरनिराळीं छापलेलीं असतात. गांव, सासर, माहेर, वय सारें वाचून होतें, एखाद्या नांवाशीं बोट थांबतें, आणि मग त्या पहिल्या पानाकडे परत येतात.