दोन वह्या

कागल पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत लहानसा कारखाना चालविणाऱ्या एका तरुण परिचितांनी नुकतेच विचारले, “काका, दिवसा कारखाना आणि रात्री ऐतिहासिक कादंबरी, हे जमेल काय? घरचे म्हणतात, हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे.” व्यापारी कुटुंबांत हा प्रश्न अनेकांच्या मनात असतो, म्हणून उत्तर येथेच देतो.

प्रथम वेळेविषयी. शिवाजी सावंत मूळचे आजऱ्याचे. १९६७ साली त्यांची ‘मृत्युंजय’ प्रसिद्ध झाली, तेव्हा ते कोल्हापुरात राजाराम प्रशालेत शिक्षक होते. विश्वास पाटील यांनी ‘पानिपत’ (१९८८) लिहिली ती प्रशासकीय सेवेत असताना. चरितार्थ सांभाळून लेखन करण्याची आपल्या भागाची परंपराच आहे. उत्पन्नाची घाई नसल्यामुळे लेखकाला वाट पाहता येते, हा व्यवसायाचा लाभच म्हणावा.

दुसरा मुद्दा सचोटीचा. कोवाडचे रणजित देसाई यांच्या ‘स्वामी’ला १९६४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पुढे ‘श्रीमान योगी’च्या वेळी नरहर कुरुंदकरांनी शिवचरित्राची परखड चिकित्सा करणारे दीर्घ पत्र त्यांना लिहिले. देसाईंनी ते प्रस्तावना म्हणून ग्रंथात छापले. नामांकित लेखकाने आपल्या हिशेबाचे लेखापरीक्षण ग्राहकासमोर मांडावे, तसेच हे झाले.

जोखीमही जाणली पाहिजे. कागलचेच सुपुत्र डॉ. आनंद यादव, ‘झोंबी’चे कर्ते. त्यांच्या ‘संतसूर्य तुकाराम’ या कादंबरीतील तुकोबांच्या तरुणपणाच्या चित्रणावर वारकऱ्यांनी तीव्र आक्षेप घेतला. यादवांनी क्षमा मागितली, पुस्तक मागे घेतले आणि महाबळेश्वरच्या २००९ च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही सोडले. संमेलन अध्यक्षाविना पार पडले. लेखकावर अशी वेळ यावी, हे समाजाला भूषणावह नाही. तथापि पूज्य व्यक्तीविषयी लिहिताना लेखणी लोकांच्या श्रद्धेलाही स्पर्श करीत असते, याचे भान लेखकाने आधीच बाळगावे, हेही तितकेच खरे.

म्हणून माझी सूचना अशी. दोन वह्या ठेवाव्यात. पहिली पुराव्याची: कोणत्या पत्रात, बखरीत, शिलालेखात काय आढळले, याची तारीखवार नोंद. दुसरी कल्पनेची: संवाद, मनोगते, ऋतू, स्वयंपाकघरे. बँकेत आम्ही व्हाउचरावाचून रक्कम नावे टाकीत नसू; तसेच इतिहासातील कोणाच्या नावे दोष टाकण्यापूर्वी पहिली वही उघडावी. तेथे आधार नसेल, तर तो दोष एखाद्या काल्पनिक पात्राकडे द्यावा. आणि कोठे कल्पना योजली आहे, हे मनोगतात वाचकाला मोकळेपणाने सांगावे.

घरच्यांनाही एक विनंती. रोज एक तास मुलाने कागदासमोर घालविला, तर त्याला तोटा म्हणू नका. पिढ्यांचा लौकिक दुकानाच्या पाटीवर टिकतो, तसा तो पुस्तकाच्या पानांवरही टिकतो. अट एवढीच, की दोन्हीकडचा हिशेब चोख असावा.