प्रभागातील निवडणूक खर्च मतदानाआधी उघड करावा

प्रति,
मा. राज्य निवडणूक आयुक्त,
राज्य निवडणूक आयोग, महाराष्ट्र, मुंबई.

विषय : महानगरपालिका निवडणुकीतील खर्चमर्यादा व हिशेबाच्या नियमांत बदल करण्याबाबत.

महोदय,

आम्ही पुण्यातील मतदार हे निवेदन सादर करत आहोत. आयोगाने २०२५ मध्ये खर्चमर्यादा वाढवली आणि पुण्यातील उमेदवारासाठी ती १५ लाख रुपये झाली. महागाई पाहता वाढीला आमचा विरोध नाही. पण आमचे बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे आहेत. पक्षाचे चौघे एकाच पॅनेलमधून उतरतात. पत्रके, प्रचाराच्या रिक्षा, पदयात्रा, सभा सारे एकत्र. अशा पॅनेलला कायदेशीरपणे ६० लाख खर्च करता येतात, आणि याहून कितीतरी मोठ्या मतदारसंघातील विधानसभेच्या उमेदवाराला मर्यादा आहे ४० लाखांची! एकट्या अपक्षाने इथे उभे तरी कसे राहावे? म्हणून पॅनेलसाठी वेगळी एकत्रित मर्यादा ठरवावी.

पक्षाने प्रभागात केलेला खर्चही संबंधित उमेदवारांच्या हिशेबात धरावा. लोकसभा-विधानसभेच्या कायद्यात पक्षांच्या खर्चाला कमाल मर्यादाच नाही. ती पळवाट गल्लीतल्या निवडणुकीत नको.

आमची सर्वांत आग्रहाची मागणी वेळेची आहे. अंतिम हिशेब निकालानंतर ३० दिवसांत येतो. तोवर नगरसेवक निवडून आलेला असतो आणि रस्ते, नाले, कचऱ्याच्या निविदांवर त्याचा शब्द चालू लागलेला असतो. त्याच्या प्रचाराला पैसा कोणत्या ठेकेदाराने वा बिल्डरने दिला, हे आम्हाला मत देण्याआधी कळले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी निवडणूक रोखे रद्द करताना पक्षांच्या देणग्यांबाबत मतदाराचा हाच माहितीचा अधिकार मान्य केला. तेव्हा उमेदवारांचा रोजचा खर्च आणि देणगीदारांची नावे प्रचार सुरू असतानाच आयोगाच्या संकेतस्थळावर, मराठीत आणि प्रभागनिहाय प्रसिद्ध करावीत.

शिक्षेतही तारतम्य हवे. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ब नुसार हिशेब न देणारा उमेदवार ५ वर्षांपर्यंत अपात्र ठरू शकतो. काही हजार खर्चून लढलेली गावातली बाई कागद वेळेत न दिल्याने बाद व्हावी आणि शहरात लाखोंचा खर्च दडवणाऱ्याचा नीटनेटका हिशेब तसाच स्वीकारला जावा, हे आम्हाला अन्यायाचे वाटते. खर्च निरीक्षकांनी मंडप, छपाई आणि वाहनांची बिले प्रत्यक्ष ताडून पाहावीत.

संविधानाच्या अनुच्छेद २४३-झेडए ने या निवडणुकांचे नियंत्रण आपल्याकडे सोपवले आहे. जिथे अधिनियमात दुरुस्ती लागेल, तिथे आयोगाने राज्य शासनाकडे तशी लेखी शिफारस करावी व तिची प्रत आम्हाला द्यावी, ही विनंती.

आपले विश्वासू,
पुणे शहरातील मतदार नागरिक

प्रत : मा. मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य