कानाची साक्ष

मोहोपाड्यात किंवा रसायनीच्या वसाहतीत कुणी नवे स्पीकर घ्यायला निघालं की सल्ला ठरलेला: पनवेल बघ, नाहीतर थेट मुंबईचा लॅमिंग्टन रोड गाठ आणि कानाला गोड लागेल तो उचल, आलेख-बिलेख इंजिनिअरांचे चोचले. रसायनीत तरी हा सल्ला शोभत नाही. हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्सच्या कारखान्याभोवती वाढलेलं हे गाव. नायट्रोबेंझिनला कडू बदामाचा वास येतो, पण वासावरून शुद्धतेचा दाखला कुणी देत नाही.

कानवाद्यांचा पहिला मुद्दा असा की शेवटी ऐकायचं कानालाच आहे. कबूल. पण दुकानात एकटा कान जात नाही. ध्वनिसंशोधक फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये स्पीकर बनवणाऱ्या हरमन कंपनीच्या ४० कर्मचाऱ्यांना तेच स्पीकर आधी दिसतील असे आणि मग पडद्याआडून ऐकवले. पडदा पडताच मोठ्या, महागड्या खोक्यांचा भाव उतरला. शिवाय एक स्पीकर ८६ डेसिबल संवेदनशीलतेचा आणि शेजारचा ९० चा असेल, तर बटण न हलवताही दुसरा चार डेसिबल मोठा वाजतो, आणि मोठा तो भरदार भासतो. दुकानदाराला लबाडी करायची गरजच नाही.

दुसरा मुद्दा मिरजेचा: तंबोऱ्याची जवारी कारागीर कानानंच लावतो ना? लावतो, कारण तंबोरा नाद जन्माला घालतो. स्पीकरनं मात्र तो झाला तसा पोचवायचा. स्वतःची जवारी लावायची नाही.

आकडेही फसवतात, हे खरंच. खोक्यावरचे ‘हजार वॅट पीएमपीओ’ ही निव्वळ जाहिरात. खरं मापन म्हणजे निःप्रतिध्वनी कक्षात स्पीकर दहा-दहा अंशांनी फिरवत आडव्या-उभ्या कक्षेत घेतलेल्या ७० नोंदी. २००४ मध्ये ऑलिव्ह यांनी अशा नोंदींवरून ७० स्पीकरांबद्दल श्रोत्यांची पसंती वर्तवली. पडद्याआडच्या निकालाशी सहसंबंध ०.८६ आला. म्हणजे या नोंदींच्या आलेखात अनेक कानांची साक्ष आधीच नोंदलेली आहे. पडदा न लावता ऐकलेल्या माझ्या एका दुपारपेक्षा मी ती वजनदार मानतो.

आलेख आपल्या खोलीबद्दल मात्र मुका असतो. तीन मीटर लांबीच्या खोलीत ५७ हर्ट्झच्या आसपास खर्ज कुठे घुमतो, कुठे बुडतो. वर सिमेंटचा स्लॅब, खाली उघडी फरशी, आणि आषाढात पत्र्यावर पाऊस कोसळू लागला की विलंबित आलापीतले बारकावे गेलेच. इथे कानाचा अधिकार सुरू होतो. म्हणून आलेखावरून दोन-तीन नावं निवडा, परत घ्यायला तयार असलेल्या दुकानातून घरी आणा, मोबाईलच्या मीटरनं आवाज सारखा करा, पुढे चादर टांगा आणि जोडण्या घरच्या कुणाला तरी बदलू द्या. पाठ असलेलं भीमसेन जोशींचं एखादं ध्वनिमुद्रण लावा. स्पीकर कोपऱ्यातून हातभर पुढे ओढून पुन्हा ऐका. खर्जाची निम्मी तक्रार बहुधा तिथेच मिटते, अधिक महागाचा स्पीकर न घेता.