दोन भाडेकरूंमधला महिना

इंदूरच्या जुन्या वस्तीत आपल्यापैकी अनेकांची वडिलोपार्जित घरे आहेत. वर आपण, खाली एखादे बिऱ्हाड. एक भाडेकरू गेला की आठवड्यात दुसरा आणायची घाई होते. महिन्याचे भाडे बुडते ना! भिंतीची ओल, गळका पाइप, जुनी वायरिंग तशीच राहते. मीही हेच केले. पहिल्याच पावसात नव्या भाडेकरूच्या सामानावर पाणी गळले. भरल्या घरात काम काढावे लागले आणि एका महिन्याऐवजी तीन महिन्यांचे भाडे गेले.

बँकेत बसणाऱ्याला तरी हिशेब कळायला हवा होता. महापालिकेचा कर वजा जाता वर्षाचे भाडे ९०,००० रुपये उरले, तर आयकरात त्यातून ३० टक्के, म्हणजे २७,००० रुपयांची वजावट मिळते. दुरुस्तीची पावतीही कोणी मागत नाही. आपण ती वजावट घेतो, घरावर छदाम खर्चत नाही आणि जाणाऱ्याच्या अनामतीतून रंगाचे पैसे कापतो! केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडे कायद्यातही, करारात वेगळे ठरले नसेल तर, रंगसफेदी, पाइप आणि वायरिंग मालकाकडे आहे. नळाचा वॉशर, तुंबलेली मोरी भाडेकरूकडे. ही वाटणी न्यायाची आहे.

भाड्याचा दहावा हिस्सा वेगळ्या खात्यात टाकावा. घर रिकामे होताना भाडेकरूसमक्ष पाहणी करावी, आधी दुरुस्ती, मगच नवा करार. पडकी घरे शेवटी विकावी लागतात, आणि घरांबरोबर आपली वस्तीही उठते.