दारावरील नांव

संगणकाच्या पडद्यावर खेळाचें जें चिमुकलें चित्र दिसतें, तें खेळ नव्हे. खेळाकडे नेणारें दार होय. त्यास शॉर्टकट म्हणतात. तो पुसला तरी खेळ आपल्या जागीं शाबूत राहतो. हा भेद न जाणणारीं मुलें जें दार समोर येईल त्यांतूनच आंत शिरतात.

जॉर्डन मेकनर यांचा 'प्रिन्स ऑफ पर्शिया' घ्या. तो १९८९ सालीं ॲपल २ यंत्रासाठीं निघाला व १९९० सालीं डॉसवर आला. डॉससाठीं त्याच्या १.०, १.४ अशा निरनिराळ्या आवृत्त्या झाल्या. आजच्या विंडोजवर त्या डॉसबॉक्सच्या साह्यानें चालतात. प्रत्येक आवृत्ति स्वतंत्र फोल्डरांत ठेवावी, आणि शॉर्टकटच्या 'टार्गेट' चौकटींत डॉसबॉक्सच्या पत्त्यापुढें हव्या त्या आवृत्तीच्या फाइलीचा पूर्ण पत्ता अवतरणचिन्हांत लिहावा. नांवांत आवृत्तीचा आंकडा अवश्य घालावा.

आतां मुख्य मुद्दा. १.० आवृत्ति सुरू करतांना एक गुप्त शब्द जोडिला असतां उरलेला वेळ वाटेल तितका वाढवितां येतो. साठ मिनिटांत राजकन्येस सोडविणें हाच तर या खेळाचा प्राण! ज्यास ही युक्ति हवी, त्यानें तिचा शॉर्टकट खुशाल करावा. परंतु त्यावर तसें स्पष्ट लिहावें. नाहींतर तेंच दार उघडणारें धाकटें भावंड न मिळविलेल्या विजयाचा अभिमान वाहील.

पालकहो, मुलांचे शॉर्टकट एकदां त्यांच्यासह बसून पाहा. दारावर नांव एक आणि आंत वस्तु दुसरी, ही संवय पडद्यापुरती राहत नाहीं.